चर्चगेटला चर्च कुठंय? हेरिटेज वॉक निवडण्याबद्दल जरा सविस्तर

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला नीट कळलाय की नाही ते तुम्हालाही कळेल. मागच्या वर्षी तुम्ही मुंबईतल्या फोर्टचा एक वॉक केलात, दोन तासांत बावीस इमारती झाल्या आणि घरी पोचेपर्यंत राजाबाई टॉवर सोडून काही आठवेना. आता डिसेंबरअखेर नाशिकहून आई-बाबा येतायत, बाबा ७४ चे, आईचे गुडघे कुरकुरतात, सोबत बहीण आणि तिची ९ आणि १४ वर्षांची मुलं. हातात एकच सकाळ. तर परत गाईडला पैसे मोजायचे की मोबाईल घेऊन आपलं आपणच फिरायचं, आणि फोर्ट करायचा की गिरगाव.

मी गेली सोळा वर्षं मुंबईत वॉक घेते. जन्म ठाकूरद्वारच्या चाळीतला, मुक्काम आता डोंबिवलीला, त्यामुळे वॉकच्या दिवशी पहाटेची लोकल पकडून स्वतःच्याच गावात पाहुणीसारखी येते. हे सांगायचं कारण एवढंच की पुढे जे लिहितेय ते पुस्तकातलं कमी आणि पाय दुखून आलेलं जास्त आहे.

मला विचाराल तर गाईड हवा की नको हा तुमचा खरा प्रश्न नाहीच. तुमचं दुखणं त्या बावीस आकड्यात आहे. दोन तास म्हणजे १२० मिनिटं, त्यातली चाळीस तरी चालण्यात, सिग्नलला आणि मागे रेंगाळलेल्यांची वाट बघण्यात जातात, उरली ऐंशी, बावीसने भागा, एका इमारतीच्या वाट्याला चार मिनिटंसुद्धा येत नाहीत. तेवढ्यात काय होणार? वर्ष, आर्किटेक्टचं नाव, शैलीचं नाव, फोटो, चला पुढे. हे सगळं मोबाईलवर आहेच की. म्हणजे तुम्ही पैसे देऊन कुणाकडून तरी मोबाईल मोठ्याने वाचून घेतलात असं झालं. (सगळा दोष गाईडचा नाही हां, लोकच फोनवर विचारतात "किती स्पॉट कव्हर होतील?", मग बिचारा आकडा वाढवतो.)

मी सुरुवातीला हेच करायचे. माझ्या पहिल्या फोर्ट वॉकला एकोणीस थांबे होते आणि मला त्याचा अभिमान होता! नंतर एकदा एका ग्रुपला शेवटी सहज विचारलं, की तुम्ही आत्ता जिथून आलात ती दिशा दाखवा, तर निम्म्या लोकांनी समुद्राकडे हात केला. तेव्हापासून माझा नियम झाला, एका वॉकला एकच प्रश्न, आणि थांबे त्या प्रश्नाला लागतील तेवढेच.

उदाहरणच देते, कारण तुमच्या १४ वर्षांच्या भाच्याला हे नक्की आवडेल. चर्चगेट स्टेशनला उतरल्यावर विचारायचं, चर्च कुठंय आणि गेट कुठंय? आजूबाजूला दोन्ही नाही. मग वीर नरिमन रोडने पूर्वेला निघायचं. डाव्या हाताला क्रॉस मैदानाच्या टोकाशी भिखा बेहराम विहीर लागते, १७२५ ची, समुद्र एवढा जवळ असून पाणी गोडं. ती पारशी समाजाची पवित्र जागा आहे, बाकीच्यांनी आत जायचं नसतं, हे मुलांना आधीच सांगून ठेवा म्हणजे तिथे उगाच तोंड पाडून उभी राहणार नाहीत. तिथून थोडं पुढे फ्लोरा फाउंटन, १८६४ चं, शेजारी हुतात्म्यांचं स्मारक. तिथे मी लोकांना कारंज्याकडे बघूच देत नाही आधी. स्टेशनकडे तोंड करून उभं करते आणि म्हणते, समोर बघा, ओव्हल, क्रॉस मैदान, सगळा मोकळा भाग. आता मागे वळा. रस्ता चिंचोळा, इमारती खांद्याला खांदा लावून, आणि आतल्या गल्ल्या तर दोन हातगाड्या समोरासमोर आल्या की भांडण. असं का?

कारण तुम्ही उभे आहात तिथेच ते चर्च गेट होतं, किल्ल्याचा दरवाजा. तुमच्या पाठीमागचं ते कोटाच्या आतलं शहर, आणि समोर मुद्दाम मोकळं ठेवलेलं मैदान, म्हणजे शत्रू आला तर तोफांना मध्ये काही आड येऊ नये. शत्रू म्हणजे कोण, तर आपणच! १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि इथल्या इंग्रजांची झोप उडाली, व्यापाऱ्यांनी वर्गणी काढली आणि कोटाभोवती खंदक खणायला घेतला. हे सांगितलं की ग्रुपमधल्या एखाद्या काकांची छाती दोन इंच फुगतेच, मी दरवेळी बघते. मराठे काही मुंबईवर आले नाहीत, पुढे १८६० च्या दशकात गव्हर्नर बार्टल फ्रिअरच्या काळात कोटाच्या भिंती पाडल्या, दरवाजे गेले, नावं तेवढी राहिली. बझारगेट म्हणतात तो रस्ता आहे, गेट नाही. भिंतीचा एक तुकडा सेंट जॉर्ज हॉस्पिटलच्या बाजूला अजून शिल्लक आहे, पण तो तुमच्या रूटवर नाही, सोडा.

मग त्याच रस्त्याने सरळ गेलं की ते चर्च येतं, सेंट थॉमस. दरवाजाचं नाव ज्याच्यावरून पडलं ते हे. गोष्ट अशी की पाया घातला १६७० च्या दशकात जेराल्ड आँजियर इथला गव्हर्नर असताना, आणि मग जवळपास चाळीस वर्षं भिंती तशाच अर्धवट उभ्या. पूर्ण व्हायला १७१८ उजाडलं. मुंबईतला रखडलेला प्रोजेक्ट ही काही आजची गोष्ट नाही. आणि मुंबईचे मैल पूर्वी या चर्चपासून मोजत, त्यातले काही मैलाचे दगड अजून रस्त्याकडेला सापडतात. बाहेर आलं की हॉर्निमन सर्कल, आणि त्याच्या पलीकडे टाऊन हॉल, १८३३ चा, ज्याला आपण एशियाटिक म्हणतो. झालं. चार-पाच थांबे, सगळं मिळून सव्वा किलोमीटरच्या आसपास, आणि हा माझा वॉक अडीच तास चालतो. त्यानंतर तुमचा भाचा परत कधी चर्चगेटला उतरला की त्याला ती नसलेली भिंत दिसणार. मी तरी वॉक नीट झाला की नाही ते एवढ्यावरच मोजते.

आता "परिस्थितीवर अवलंबून आहे" हा सगळ्यांना वैताग आणणारा भाग, पण त्याशिवाय उत्तर देता येत नाही.

पहिलं म्हणजे गुडघे. लोक किलोमीटर विचारतात, पण चालून कुणी दमत नाही, उभं राहून दमतात. आईंना एक किलोमीटर चालता येईलही, पण एका जागी वीस मिनिटं फुटपाथवर उभं राहायला लावलंत तर दुसऱ्या थांब्यालाच त्यांचा चेहरा सांगेल, आणि त्या स्वतः काही बोलणार नाहीत, "तुमचं चालू द्या" म्हणतील. मी पिशवीत दोन घडीची स्टुलं ठेवते, हलकी येतात, तुम्हीही एक घ्या. एशियाटिकला तीस पायऱ्या आहेत, त्या चढायलाच हव्यात असं काही नाही, खालच्या पायरीवर बसूनही खांब दिसतात, नाहीतर सर्कलमधल्या बागेत बाकं आहेत. आणि बाथरूम. यावर कुणी लिहीत नाही पण निम्मे वॉक यामुळे बिघडतात. सुरू करायच्या आधी स्टेशनवरच सगळ्यांनी जाऊन या, लाजू नका, कारण सकाळी आठला फोर्टात काही उघडं नसतं.

दुसरं, वार. रविवारी फोर्ट रिकामं असतं, रस्त्याच्या मधोमध उभं राहून वर बघता येतं, गल्लीत क्रिकेट चालू असतं, मजा येते. पण रविवारी सकाळी चर्चमध्ये प्रार्थना असते, तेव्हा आत घोळका घेऊन जाणं बरं दिसत नाही. शनिवारी गर्दी थोडी जास्त पण आत डोकावायची शक्यता जास्त. तुम्हाला मी शनिवार सांगेन, साडेसातला स्टेशनवर, दहाच्या आत खेळ खल्लास. चर्च कधी उघडतं ते आदल्या दिवशी विचारून ठेवा.

तिसरं म्हणजे ऊन, आणि यावरून मी गाईड ओळखते. ओव्हल मैदानाच्या पूर्वेला हायकोर्ट आणि युनिव्हर्सिटी, पश्चिमेला आर्ट डेको, म्हणजे १९३०-४० च्या काळातल्या शैलीच्या, बिल्डिंगांची ओळ. हे दोन्ही मिळून २०१८ मध्ये युनेस्कोच्या यादीत आलं. आता हायकोर्टाचं तोंड पश्चिमेला, म्हणजे सकाळी सूर्य त्याच्या पाठीमागे, दर्शनी बाजू काळवंडलेली आणि तुमच्या डोळ्यांत ऊन. सकाळी बघायच्या त्या समोरच्या डेको बिल्डिंगा, त्यांचे ते बोटीसारखे गोल सज्जे आणि रंग तेव्हा खुलतात. हायकोर्ट-युनिव्हर्सिटीचं गॉथिक बघायचं तर चारनंतर, दगड अक्षरशः मधासारखा दिसतो. जो माणूस तुम्हाला सकाळी आठ वाजता मैदानात उभं करून राजाबाई टॉवरचं कोरीवकाम समजावतो त्याने एकतर रूट दुसऱ्याचा उचललाय किंवा त्याला सकाळचीच बॅच मिळते म्हणून नाइलाज आहे.

गाईड घ्यायचाच ठरवलंत तर फोनवर दोनच गोष्टी विचारा. थांबे किती, आणि माणसं किती. थांबे दहाच्या वर असतील तर राहू दे. माणसं पंधराच्या वर असतील तरी राहू दे, कारण मग माईक आला, माईक आला की प्रश्न बंद, आणि प्रश्न बंद झाले की वॉक संपला, नुसतं भाषण उरतं. मी बारा घेते, तेराव्याला पुढच्या आठवड्यात बोलावते, यात नुकसान होतं माझं पण चालायचंच.

आणि एक गंमत म्हणून, ताजमहाल हॉटेलबद्दल विचारून बघा. "म्हणे ते उलटं बांधलं गेलं आणि आर्किटेक्टने आत्महत्या केली" ही गोष्ट तुम्ही ऐकली असेलच. जो हे खरं म्हणून रंगवून सांगेल त्याला नमस्कार करा. ताजचे मूळ आर्किटेक्ट होते सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा, वैद्य १९०० मध्ये काम चालू असतानाच गेले, पुढे डब्ल्यू. ए. चेंबर्सने ते पूर्ण केलं आणि १९०३ मध्ये हॉटेल उघडलं. हेच सीताराम खंडेराव आधी बोरीबंदरच्या स्टेशनावर, म्हणजे आताच्या सीएसएमटीवर, त्याचे आर्किटेक्ट स्टीव्हन्स यांच्या हाताखाली होते. मला राग येतो तो याचाच, की एक मराठी माणूस मुंबईच्या दोन सगळ्यात फोटो काढल्या जाणाऱ्या इमारतींच्या कामात होता, त्याचं नाव कुणाला माहीत नाही आणि तो काल्पनिक गोरा आत्महत्येवाला सगळ्यांना पाठ!

दंतकथा सांगूच नये असं माझं म्हणणं नाही. हायकोर्टावर हातात तराजू धरलेला एक डोळा झाकलेला माकडाचा न्यायाधीश कोरलाय, तो आहे, दिसतो. तो कुणा कंत्राटदाराने रागाने कोरून घेतला ही मात्र सांगोवांगी. व्यापारी प्रेमचंद रायचंद यांनी युनिव्हर्सिटीला टॉवरसाठी दोन लाख रुपये दिले आणि आईचं, राजाबाईंचं नाव दिलं हे पक्कं. आई अंध होत्या आणि सूर्यास्ताआधी जेवायचं म्हणून त्यांना घड्याळाचे टोले ऐकू यावेत, हे लोक सांगतात. मी दोन्ही सांगते, फक्त दुसऱ्याच्या आधी "असं म्हणतात" लावते. तेवढं लावणारा गाईड मिळाला तर सोडू नका.

आता गिरगाव. इथे माझं मत थोडं वेगळं आहे आणि काहींना पटणार नाही. फोर्ट एकट्याने फिरा, बिनधास्त, तिथे ऑफिसं आहेत, कुणाला फरक पडत नाही. गिरगावात वाड्या आहेत, म्हणजे लोकांची घरं. खोताच्या वाडीत तुम्ही ज्या बोळातून जाता तो त्यांच्या ओट्याला लागून जातो, आत कुकरची शिट्टी होते ती तुम्हाला ऐकू येते, दोरीवर कुणाचे तरी कपडे वाळत असतात, बाहेर क्रूस, त्याला वाहिलेला ताजा हार, लाकडी जिना थेट रस्त्यावर उतरलेला. ते सुंदर आहे म्हणून आपल्या मालकीचं होत नाही.

मी हे चूक करून शिकले. पहिल्या वर्षी रविवारी सकाळी आठ वाजता चौतीस माणसं घेऊन त्या वाडीत घुसले होते, कॅमेरे, मोठ्याने बोलणं, एक जण चक्क कुणाच्या तरी जिन्यावर बसून फोटो काढून घेत होता. वरच्या खिडकीतून एक आजी डोकावल्या आणि म्हणाल्या, "आमच्याकडे कोण वारलंय का, एवढी माणसं जमलीत ती?" मी चाळीतलीच मुलगी, मला ते जे लागलं ते लागलं. आमच्या गॅलरीत असे चौतीस जण आले असते तर माझ्या आईने बादली ओतली असती. दुसऱ्या दिवशी एकटी जाऊन माफी मागितली. तेव्हापासून तिथे सहाच्या वर माणसं नेत नाही, नऊच्या आधी जात नाही, आणि कुणी ओट्यावर बसलेलं असेल तर आधी त्यांना विचारते. विचारलं की नव्वद टक्के वेळा तेच बोलायला लागतात, आणि मग मला गप्प बसता येतं. घरं कमी होत चाललीत, दरवर्षी एखादा टॉवर डोकं वर काढतो, त्याबद्दल त्यांच्या तोंडून ऐकणं आणि माझ्याकडून ऐकणं यात फरक आहे.

म्हणून गिरगावला गाईड घ्या, पण तिथला घ्या. ओळखीचं कुणी गिरगावकर असेल तर त्यांनाच पकडा, जेवायला घाला, ते कुठल्याही गाईडपेक्षा भारी दाखवतील. केशवजी नाईकांच्या चाळीत १८९३ मध्ये मुंबईतला पहिला सार्वजनिक गणपती बसला हे कुणीही सांगेल, पण चाळीत गणपतीच्या वेळी जिन्यात चपलांचा ढीग कुठपर्यंत यायचा आणि आरतीला कुणाच्या घरातली पोरं पुढे असायची हे तिथे राहिलेलाच सांगणार. माझ्याच एका वॉकमध्ये असंच झालं, एक पंचाहत्तरीचे आजोबा आले होते, अर्ध्या रस्त्यात त्यांनी ट्राम कुठून वळायची ते दाखवायला सुरुवात केली (ट्राम १९६४ ला बंद झाली, म्हणजे ते तेव्हा शाळकरी), आणि पुढचा तासभर सगळा ग्रुप त्यांच्या मागे आणि मी सगळ्यात शेवटी पाण्याच्या बाटल्या सांभाळत. त्या दिवशी पैसे घ्यायला जीवावर आलं होतं. घेतले, पण जीवावर आलं होतं.

तर तुमच्यासाठी माझं म्हणणं असं. सहा माणसं आहात, त्यात एक नऊ वर्षांचं पोर आणि एक दुखरे गुडघे, अनोळखी ग्रुपबरोबर तुमचा वेग जुळणार नाही, सतत कुणीतरी कुणाची तरी वाट बघणार. या वेळी पैसे वाचवा, शनिवारी वर लिहिला तोच चर्चगेट ते एशियाटिक रूट स्वतः करा. आदल्या रात्री तुम्ही एकट्याने अर्धा तास वाचून ठेवा, पण मुलांना उत्तरं देऊ नका, प्रश्नच द्या. नऊ वर्षांच्या भाचरासाठी वेगळं काम, हॉर्निमन सर्कलच्या कमानींवर दगडात कोरलेले चेहरे आहेत, ते मोजायला सांगा, अर्धा तास शांतता मिळेल. बाबांना फाउंटनपाशी उभं करून वसईची गोष्ट त्यांनाच सांगायला लावा, नाशिकचे आहेत, पेशवाईवर तुमच्यापेक्षा जास्त बोलतील.

गिरगाव त्याच सकाळी पूर्ण करायच्या भानगडीत पडू नका. फक्त एवढं करा, हॉर्निमन सर्कलहून दोन टॅक्स्या करून ठाकूरद्वारला या आणि विनयमध्ये मिसळ खा. शनिवारी दहानंतर बाहेर नंबर लावायला लागतो, आईंना तिथे उभं करू नका, ते घडीचं स्टूल तेव्हाच कामाला येईल. आणि मुलांसाठी तिखट कमी हे ऑर्डर देतानाच सांगा, नंतर सांगून काही उपयोग होत नाही.